डॉक्टरांची पजेरो

साताऱ्यातले एक निवृत्त डॉक्टर त्यांची पजेरो विकतायत. २००८चं मॉडेल, पासिंग एमएच ११, मालक पहिलेच. गेला महिनाभर मी या गाडीचा विचार करतोय. नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत अशातला भाग नाही. ही गाडी घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे. आणि मी तो नीट सोडवणार आहे, कारण 'लहानपणापासून हवी होती' एवढ्या कारणावर अडीच हजार सीसीच्या वरचं जुनं डिझेल इंजिन कुणी दारात आणू नये.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात गाड्यांच्या दोनच जाती होत्या. एक वडापची आणि एक साहेबाची. वडापची जीप म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्री, पायाखाली तापलेला पत्रा आणि मागच्या फळकुटावर लटकलेले चार जण. पाटणहून कोयनानगरला जाताना पावसाळ्यात ताडपत्रीच्या कडेने पाणी थेट मानेत यायचं. याच गाड्यांनी आमची माणसं बाजाराला, दवाखान्याला आणि लग्नाला पोहोचवली, तेव्हा त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. माझगावात १९४०च्या दशकाच्या अखेरीस जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढची पन्नास वर्षं सह्याद्रीतल्या वाड्यावस्त्यांना तिच्याशिवाय दुसरं वाहन ठाऊक नव्हतं.

पजेरो दिसायची ती कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाला किंवा निवडणुकीत. तेव्हा ती बाहेरून यायची, तिच्यावर भरमसाट आयातशुल्क पडायचं, त्यामुळे तालुक्यात एखादीच असायची. दुरंगी रंग, मागच्या दारावर स्टेपनी, आडवं उघडणारं ते जड दार, आणि आत एसी. आम्हां पोरांना एसीचंच नवल वाटायचं. ज्या खड्ड्यांवरून वडाप आम्हाला उसळवत नेई, त्याच खड्ड्यांवरून ही गाडी आतल्या माणसाच्या सदऱ्याची इस्त्री न मोडता जाते, हे तेव्हा आमच्यासाठी आश्चर्य होतं.

पुढे कॉलेजात असताना इंग्रजी मोटार मासिकांतून या गाडीचा खरा पराक्रम कळला. डाकार शर्यत पजेरोने पहिल्यांदा १९८५ साली जिंकली आणि शेवटची २००७ साली. एकूण बारा वेळा. १९९७ साली केंजिरो शिनोझुका हा डाकार जिंकणारा पहिला जपानी चालक ठरला, तो पजेरोतच. २००१ साली युट्टा क्लाइनश्मिटने ही शर्यत जिंकली. आजवर मोटारगटात डाकार जिंकणारी ती एकमेव स्त्री आहे, आणि तिचीही गाडी पजेरोच. शर्यतीची गाडी आणि बाजारात मिळणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मान्य. तरी कारखान्यावर पाहिलेल्या त्या गाडीकडे माझं पाहणं त्यानंतर बदललं. ती नुसती मानाची गाडी राहिली नाही, तिला कर्तृत्व मिळालं.

२००२ साली हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात पजेरो एसएफएक्स बनवायला घेतली. तिची रचना १९९१च्या दुसऱ्या पिढीची होती. जपानमध्ये तोवर तिसरी पिढी आलीही होती. आपल्याला जुनी मिळाली म्हणून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आज मला वाटतं, बरंच झालं. तिसऱ्या पिढीत स्वतंत्र चेसी गेली. दुसऱ्या पिढीत शिडीसारखी भक्कम चेसी आहे, पुढे टॉर्शन बार, मागे कॉइल स्प्रिंग, आणि २,८३५ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन, तेही कॉमन रेलच्या आधीचं. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं आणि हाताने दुरुस्त होतं.

त्याच २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण अशा गाडीची गरज संपवणारे रस्ते आणि ती गाडी आपल्याकडे एकदमच आले. आता समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर खुले आहेत, खंबाटकीला बोगदा आहे, कशेडीला बोगदा आहे. सपाट सिमेंटवर ताशी शंभरने जायला फोर बाय फोर लागत नाही. म्हणून तर आजच्या बहुतेक उंच, रुंद, रुबाबदार गाड्यांची फक्त दोनच चाकं ओढतात. खुद्द सफारीसुद्धा २०२१ साली परत आली ती पुढच्या चाकांवर चालणारी. यात कंपन्यांचा दोष नाही. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या. मात्र माझं जाणं-येणं कोयनेच्या पलीकडच्या शेतावर असतं. शेवटचे काही किलोमीटर तांबड्या मातीचे आहेत आणि जुलैत तिथे ट्रॅक्टर सोडून काही चढत नाही. तेव्हा हौस थोडी बाजूला ठेवली तरी कारण उरतं.

गाडी बघायला मी एकटा गेलो नाही, कराडच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. आदल्या रात्री डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गार इंजिन एका चावीत सुरू झालं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि लगेच गेला. मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून वर हात धरला. बॅक कॉम्प्रेशन नाही. मग रेडिएटरमध्ये बघितलं, कुलंट स्वच्छ, तेलाचा तवंग नाही. या इंजिनाचं हेड गरम झालं की तडकतं, त्याची ती ख्याती जगभर आहे, म्हणून कुलंटचा प्रत्येक पाइप त्यांनी दाबून पाहिला. दोन कडक झालेले निघाले. मग खाली आडवे होऊन त्यांनी चेसीवर छोट्या हातोडीने ठोकत ठोकत पुढून मागे प्रवास केला. आवाज सगळीकडे खणखणीत. मागच्या आर्मच्या बुश गेल्यात, ट्रान्सफर केसच्या सीलमधून थोडं तेल पाझरतंय. शेवटी समोरच्या मोकळ्या माळावर गाडी नेऊन छोटा दांडा लो रेंजला टाकला. किरकिर न करता पडला. "दादा, हा दांडा अधूनमधून वापरलाय. न वापरता ठेवला असता तर आज अडकला असता," मिस्त्री म्हणाले. डॉक्टर हसले. दर महिन्याला ते फाट्यापलीकडच्या माळावर जाऊन मुद्दाम फोर बाय फोर टाकून यायचे, असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी फाइल आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनची प्रत्येक पावती, तारखेने लावलेली. कडेला त्यांच्याच अक्षरात टिपणं: ऑइल कुठल्या ग्रेडचं, कुणी बदललं, कुठला नट घट्ट होता. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बंद झाल्यावरच्या पावत्यांवर तीनच माणसांच्या सह्या आहेत. एक पंपवाला, एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन. ही फाइल पाहिली आणि माझा निम्मा निर्णय तिथेच झाला. नीट राखलेली गाडी म्हणजे चकचकीत रंग नव्हे. तिच्यावर वर्षानुवर्षं त्याच हातांनी केलेलं काम म्हणजे नीट राखलेली गाडी. पूर्वी प्रत्येक गाडीमागे असे हात असायचे. ड्रायव्हरला तिची खोड ठाऊक, मिस्त्रीला तिचा आवाज ठाऊक, स्पेअरच्या दुकानदाराला तिला कुठला फिल्टर लागतो ते तोंडपाठ. आज गाडी आत जाते, लॅपटॉप लागतो, अख्खा भाग बदलला जातो आणि आपल्याला बिल मिळतं. कामाबद्दल माझी तक्रार नाही, बहुतेक वेळा ते चोखच असतं. पण ते कुणी केलं हे मला कळत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

सुट्या भागांचं काय? त्याची चौकशी केली. इंजिनाचे बरेच भाग दिल्लीच्या कश्मीरी गेटला मिळतात, काही कुर्ल्याला, आणि उरलेले बाहेरून मागवता येतात, कारण ही पिढी आखातात आणि ऑस्ट्रेलियात भरपूर खपली. आतली बटणं, काचेची रबरं, दिव्यांच्या काचा मिळणं मात्र अवघड. म्हणून अशा गाडीत इंजिनापेक्षा आतलं-बाहेरचं सगळं शाबूत आहे का, हे आधी पाहावं.

डॉक्टरांची गाडी पाहण्याआधी दलालाने मला दिल्लीच्या दोन पजेरो दाखवल्या होत्या, बऱ्याच स्वस्त. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई झाली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येऊ लागल्या. त्यांतल्या काही उत्तम असतील. पण इथे पुन्हा पासिंग, पुन्हा कर, आणि मागे फाइल नाही, नुसता मीटरचा आकडा. तो मागे फिरवणं किती सोपं आहे हे मिस्त्रींनी मला सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांच्या गाडीची नोंदणी २०२३ साली पाच वर्षांसाठी वाढलेली आहे, पर्यावरण कर भरलेला आहे. २०२८ला ती वीस वर्षांची होईल. वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क आता पाच हजारांवरून दहा हजारांवर गेलंय, शिवाय फिटनेस. टाकी ९२ लिटरची, डिझेल नव्वदच्या घरात, आणि लिटरला नऊ-दहा किलोमीटर. हा खर्च मी वहीत मांडला आणि तो मला परवडतो.

अडलं ते लेकीच्या एका प्रश्नापाशी. "बाबा, ठोकर बसली तर ही वाचवेल का?" भारत एनकॅप २०२३ साली सुरू झालं, त्यामुळे आज मध्यम किमतीच्या गाडीचेही तारे बघून घेता येतात. सहा एअरबॅग आता साध्या गाडीत येतात. १९९१च्या रचनेकडून ते संरक्षण मागता येत नाही, आणि जाड पत्रा म्हणजे सुरक्षा हा आमच्या पिढीचा समज खरा नाही. धडकेचा जोर पत्र्याने पचवायचा असतो, माणसाने नव्हे. लेकीचं म्हणणं मला पटलं. म्हणून ठरवलं, की पुण्या-मुंबईला, हायवेवर, रात्रीच्या प्रवासाला आहे तीच गाडी जाईल. पजेरो घाटाची, शेताची, पावसातली. तिच्या वेगाला साजेशा रस्त्यांवरच ती चालेल.

आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. बुश, सील आणि चार टायर यांचे पैसे त्यांनी किमतीतून वजा केले, मी आणखी घासाघीस केली नाही. फाइल गाडीबरोबर हवी, असं सांगितलं. त्या तिघांचे फोन नंबरही मागून घेतले. सोमवारी आरटीओत कागद देऊ. तिथून गाडी सरळ कराडला मिस्त्रींकडे जाईल. आधी कुलंटचे सगळे पाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची सफाई, मग बुश, मग सील. रंगाला सध्या कुणी हात लावायचा नाही.