मानेचं ऑपरेशन, कमरेचा टाका

ऑपरेशन मानेचं, पण दुसऱ्या दिवशी राउंडला तक्रार कमरेची. "सिस्टर, मान बरी आहे हो, ही कंबर कूस बदलू देत नाही." १९८०च्या दशकात मुंबईच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात मी हे सतत ऐकायची. खराब झालेली गादी काढली की दोन मणक्यांमध्ये पोकळी उरते. ती भरायला पेशंटच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवत. पुढे काही महिन्यांत ते हाड दोन्ही मणक्यांना सांधून टाकी. गळ्यावरचा टाका घडीत लपून जाई; कमरेचा मात्र कित्येक आठवडे ठणकत राही.

ही रीत अमेरिकेतल्या स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी १९५५ साली मांडलेली. त्याआधी मानेच्या गादीपर्यंत मागून, मणक्याच्या कमानी कापून जावं लागे, आणि वाटेत मज्जारज्जू आडवा. त्यांनी समोरची वाट धरली. एका बाजूला श्वासनलिका नि अन्ननलिका, दुसऱ्या बाजूला मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, आणि दोन्हींच्या मधून शरीरानेच ठेवलेली फट. १९५८ साली होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी हाडाची गोल खुंटी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वाट आजही तीच आहे.

कमरेचा टाका मात्र बहुतेक ठिकाणी गेला. त्या हाडाच्या जागी आता तयार पिंजरा बसतो, वर टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू. डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या वाळूच्या पिशव्या नव्या मुलींनी पाहिलेल्याही नाहीत. आमच्या पेशंटच्या गळ्यात महिनोन्‌महिने कडक कॉलर असे, उन्हाळ्यात हनुवटीखाली घामोळं उठे. आता कित्येकांना कॉलर लागतही नाही. एक-दोन दिवसांत पेशंट पायी घरी जातो. घास गिळताना काही दिवस दुखतं, आवाज थोडा बसतो. ते तेव्हाही होतं.

पण सगळ्यांत मोठा फरक ऑपरेशनच्या आधीचा. तेव्हा आतलं बघायचं तर मायलोग्राम. पाठीत सुई घालून तेलकट डाय सोडायचा, पेशंटला टेबलाला पट्ट्यांनी बांधायचं आणि डोक्याकडची बाजू खाली करायची, म्हणजे डाय मानेपर्यंत उतरे. जिथे तो अडे, तिथे दाब. मग तेच तेल सुईतून परत ओढून घ्यायचं. मी पेशंटचा हात धरून उभी असायची. त्या वेळी घट्ट आवळलेली बोटं मला अजून जाणवतात. डोकेदुखी पुढे काही दिवस पुरे. असली तपासणी उगाच कोण करणार? म्हणून आधी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली जाई. हनुवटीखाली पट्टा, पलंगाच्या डोक्याशी कप्पी, कप्पीवर वजन. हातात कळ येणारे किती तरी लोक त्यातच बरे होऊन घरी गेले. श्रेय आम्ही वजनाला दिलं. माझ्या मते त्यातलं बरंचसं काळाचं होतं. दबलेल्या शिरेची कळ बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते.

हेच वाट पाहणं दुसऱ्यांना फार महाग पडलं. मस्जिद बंदरला गोणी वाहणारे साताऱ्याकडचे माथाडी यायचे. मान फारशी दुखत नसे. बोटांना बधिरपणा, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो. गावी मालीश, मग कंपाउंडरची इंजेक्शनं, मग "अशक्तपणा आहे". आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांना दोघांनी धरून आणावं लागे. मज्जारज्जू फार काळ दबला की दाब काढूनही गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. आज अशा माणसाचा एमआरआय वेळेत निघतो. त्या माथाड्यांना तो मिळाला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता उलटी घाई दिसते. तिसऱ्या दिवशी एमआरआय, चौथ्या दिवशी "गॅप पडलीय" म्हणून घरभर घबराट. १९९० साली अमेरिकेत मानेचा काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा चाळिशीपुढच्या २८ टक्के लोकांत दोष दिसले. शिवाय ऑपरेशन केलं तरी सांधलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गादीला पुढे त्रास होऊ शकतो. १९९९च्या एका अभ्यासाचा अंदाज दहा वर्षांत चारातल्या एकाला, असा होता. हलणाऱ्या कृत्रिम चकत्या आल्या त्या यासाठीच. अमेरिकेत त्यांना २००७ साली मान्यता मिळाली. पण सरसकट सगळ्यांना त्या चालत नाहीत.

नात्यातले, सोसायटीतले लोक मला रिपोर्ट वाचून दाखवतात. मी आधी विचारते, बटणं लागतात का? जिना उतरताना पाय लटपटतात का? लघवीवर ताबा आहे ना? यातलं काही बिघडलं असेल तर त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे पाठवते. नुसती हाताची कळ असेल, ताकद शाबूत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीड महिना धीर धरा म्हणते, आणि आठवड्याने स्वतः फोन करते.