दिंडोरीचा काळा पाषाण

नाशिकहून दिंडोरीकडे निघालेल्या यात्रेकरूला म्हसरूळ येथे गजपंथ सिद्धक्षेत्राचा डोंगर लागतो. पायऱ्या चढून लेण्यांत गेल्यावर दृष्टी स्वाभाविकपणेच मूर्तींकडे वळते. ज्या काळ्या पाषाणातून लेणी कोरली, त्याच्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहते.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील शिलारस भेगांवाटे वर येऊन थरावर थर पसरला. म्हणूनच रामशेजपासून सप्तशृंगीपर्यंतचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूपृष्ठावर आलेला रस लवकर निवाला. स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला नाही. त्यामुळे दगडाचा पोत इतका बारीक, की त्यातील कण नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. याउलट ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर अतिशय सावकाश निवतो, म्हणून त्याचे कण ठळक असतात. काही बेसॉल्टमध्ये काळ्या पृष्ठभागावर फेल्स्पारचे मोठे पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात. ते भूगर्भातच वाढू लागले होते; उरलेला रस बाहेर येऊन झटपट गोठला. एकाच दगडात निवण्याचे दोन काळ असे नोंदलेले असतात.

थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त उष्ण पाणी त्यांत झिरपले आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे देखणे स्फटिक सावकाश घडले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहावयास मिळतात.

दिंडोरीच्या शेतकऱ्याला हा पोत पाण्याच्या भाषेत समजतो. घट्ट, एकसंध काळा पाषाण लागला की विहीर कोरडी राहण्याची भीती. भेगाळलेला किंवा झिजलेला मांजऱ्या खडक लागला की झरा सापडण्याची आशा. द्राक्षबागांचे जीवन या भेगांत मुरणाऱ्या पावसावर बरेचसे अवलंबून आहे. मात्र भेगांत साठते ते मर्यादितच. जितके मुरते त्याहून अधिक उपसले, तर बोअर कितीही खोल नेली तरी मुद्दल आटतच जाते. डोंगरउतार उघडे पडले, की मुरण्याआधीच पाणी वाहून जाते. खडीसाठी फोडलेला डोंगर तर पुन्हा उभा राहत नाही.

गजपंथाच्या पायऱ्या उतरताना यात्रेकरूने हाताखालचा दगड क्षणभर न्याहाळावा. मूर्तीला आकार देणारा आणि गावाचे पाणी राखणारा पाषाण एकच आहे.