टाकून दिलेली पदं

भागाकाराची सीमा काढायची तर वरच्या आणि खालच्या बहुपदीची कोटी समान आहे का बघायचं, वरच्या-खालच्या मोठ्या घाताचे सहगुणक उचलायचे, झालं. (३क्ष² − ५क्ष + २)/(२क्ष² + ७), क्ष अनंताकडे? दीड. मुलं गणित उतरवून घेत असतानाच मी उत्तर सांगून मोकळा व्हायचो आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक चोरून बघायचो. निवृत्ती तोंडावर आली तरी ही हौस फिटलेली नाही.

गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीनं माझ्याच पद्धतीनं एक गणित सोडवून आणलं: (क्ष² + ३क्ष)/(क्ष + १) − क्ष, क्ष अनंताकडे. तिनं ३क्ष टाकला, १ टाकला, क्षमधून क्ष गेला, उत्तर शून्य. खरं उत्तर २. छेद समान केला की २क्ष/(क्ष + १) उरतं, दिसतंच. पण तिचा प्रश्न तेवढ्यानं मिटणारा नव्हता. "सर, मघाशी टाकलं ते चाललं, मग आता का नाही?"

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवतीच घुटमळतोय. क्ष हजार धरा. पहिल्या गणितात ५क्ष म्हणजे पाच हजार, पण शेजारी तीस लाख बसलेत, भागाकार १.४९७५ च्या आसपास येतो. दुसऱ्यातही ३क्ष म्हणजे तीन हजार, दहा लाखांपुढे किरकोळच. पण भागाकार येतो १००१.९९८, आणि त्यातून हजार वजा होतात. मोठी रक्कम गेली की चिल्लरच शिल्लक राहते, आणि ती आपण आधीच फेकून दिलेली असते. भागाकाराला प्रमाण लागतं, वजाबाकीला फरक. हे मला कळत होतंच; वर्गात कधी बोललो नव्हतो, कारण त्यानं माझ्या झटपट उत्तराचा रुबाब उतरला असता.

सीईटीत ९० मिनिटांत ५० गणितं, म्हणजे एकाला १०८ सेकंद. क्लासवाले नियम घोकून घेतात म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तरी मी ठेवतो. त्यांची मुलं छेद दिसला की लोपितालचा नियम लावतात, अट तपासायच्या आधीच. लोपितालच्या १६९६ च्या पुस्तकातला तो नियम मुळात योहान बर्नुलीचा. डोकं बर्नुलीचं, नाव लोपितालचं, आळस आमचा.

अकरावीला शिकवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: कोटीचा नियम ज्या दिवशी द्याल, त्याच तासाला हे वजाबाकीचं गणितही फळ्यावर घ्या. वर्ग शून्य म्हणेल. म्हणू द्या, आणि मग क्षच्या जागी हजार घालायला सांगा.