दुखण्यापेक्षा बोटांकडे बघा

नागपूर

ती. मामाजी,

तुमचं पत्र आणि एक्स-रेचा रिपोर्ट मिळाला. त्यातला ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’ हा शब्द तुम्हाला झोपू देत नाही, आणि तुमसरला कुणीतरी ‘मणक्यात गॅप’ म्हटल्यापासून मामींनी जेवण टाकलंय. आधी त्यांना जेवायला सांगा. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत हे दिसतंच. मानेत ७ मणके. त्यांच्यामधल्या चकत्या वयानं सुकतात, चपट्या होतात, कडेनं हाड वाढतं. केस पिकतात तसंच ते. फिल्मवर दिसलं म्हणजे आजार झाला, असं नाही.

आता मी विचारतो ते नीट बघून कळवा. दुखणं मानेतच राहतं की खांद्यावरून हातात उतरतं? मुंग्या अंगठ्याकडे येत असतील तर साधारण सहावी नस, मधल्या बोटात येत असतील तर सातवी. बहुतेकदा याच दोन दबतात. हाताचा तळवा डोक्यावर ठेवला की कळ कमी होते का? होत असेल तर दोष मानेतच असण्याचा संभव जास्त. मामींचं निराळं आहे. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि झटकला की मोकळा होतो, म्हणजे त्यांची नस बहुधा मनगटात दबते. तुमचा मानेचा पट्टा त्यांनी घालून बसण्यात काही अर्थ नाही. आणि डाव्या हाताच्या कळेसोबत छातीत दाब आला, घाम फुटला, तर मान-बिन विसरून सरळ दवाखाना गाठायचा.

चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत तुम्ही टोपीला बत्ती लावून उतरायचात. मान मागे टाकून छताला सळई ठोकायची, पोकळ आवाज आला की सैल दगड आधी पाडायचा, मग पुढचं काम. मान तशी मागे गेली की नसा बाहेर पडायच्या वाटा अरुंद होतात. खाणीनंच हे केलं असं मी म्हणणार नाही. जन्मभर बँकेत बसलेलेही हेच दुखणं घेऊन येतात. पण वर पाहिल्यावर हातात चमक जाते का, तेवढं बघा.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींची. शर्टाची बटणं हल्ली मामी लावून देतात, आणि धुऱ्यावरून चालताना तोल जातो. शेजारी म्हणतात, अंगात मॅंगनीज भिनलं. तसा रोग आहे; स्कॉटलंडमध्ये मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांत कूपर नावाच्या डॉक्टरनं तो १८३७ सालीच नोंदवला होता. पण त्यात चेहरा थिजतो, बोलणं मंदावतं, माणूस मागे सरताना पडतो. तुमची तर बोटं बधिर आहेत. बोटांतून वस्तू निसटणं, सही बिघडणं, पाय जड होणं, लघवीची घाई, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटणं, ही सगळी मानेत मज्जारज्जू दबल्याची लक्षणं असू शकतात. आणि यात कित्येकदा मान फारशी दुखतच नाही, म्हणून लोक वर्षभर म्हातारपणावर ढकलतात. तोवर गेलेली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही.

आज एक करा. मामींना घड्याळ धरू द्या आणि १० सेकंदांत मूठ पूर्ण उघडून पूर्ण मिटा. धडधाकट माणसाचं वीसेक वेळा होतं. तुमचं बरंच कमी भरलं, तर रोवणी उरकायची वाट बघू नका. इथं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवू, एमआरआय लागेल. जुनी फिल्मही आणा.

तोवर दाढीच्या दुकानात मान मोडून घ्यायची नाही. पाच रुपयांत मोकळी करून देतो म्हणाला तरी नाही.

तुमचा भाचा