मोबदला घेणारा गडी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्र होऊन खेळायच्या खेळात हार-जीत नसते. तरी भांडणं होतातच!

मुळशीत जमलो तेव्हा आम्ही सेनापती बापटांचा १९२१चा सत्याग्रह खेळायला घेतला. एकाच्या शेतकऱ्याने मोबदला घेऊन धरणाला जमीन दिली. दुसरा भडकला. "फितूर!" म्हणाला, तेही पात्राला नव्हे, मित्रालाच. पहिला हळूच म्हणाला, "माझ्या पणजोबांनी घेतला होता."

अशा वेळी नियमांचं पुस्तक कामाचं नाही. आमची पद्धत साधी आहे. फासे बाजूला, चहा गॅसवर, आणि ज्याला लागलं त्याने आधी बोलायचं. मत बदललंच पाहिजे असं नाही. खऱ्या लढ्यातही जमीन की मोबदला यावरून तट पडलेच होते की.

पुढच्या रविवारी दोघंही आले. असो.