बाधणे, सोसणे, मानवणे

'आईने खाल्लेले बाळाला बाधते' हे वाक्य आम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकले, ते आता सांगता येणार नाही. नवी सांगवीतल्या आमच्या इमारतीत तीन मजल्यांवर महाराष्ट्राचे चार प्रांत राहतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी ही माणसे इथे आणली आणि त्यांच्याबरोबर त्यांची बाळंतिणीची पथ्येही आली. बाळ घरी आले त्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावरून एक यादी आमच्याकडे पोचली. सोलापूरकडच्या काकूंच्या यादीत वांगे वर्ज्य होते, शेंगदाणा मात्र चालत होता. खानदेशातल्या ताईंना वांगे वर्ज्य ही कल्पनाच हास्यास्पद वाटली. त्यांचा रोख हरभऱ्याच्या डाळीवर होता. कोकणातल्या आजींनी ओल्या नारळाला परवानगी दिली आणि बटाट्याला नाकारली. एकमत होते ते दोनच गोष्टींवर: बाळंतशेपा खायची आणि दूध भरपूर प्यायचे.

(या लेखातले 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे. बाळाला अंगावर पाजणारी अर्थातच एकटी होती. पण पुढे ज्या वहीविषयी लिहायचे आहे ती दोघांची होती, आणि तिच्यातल्या चुकाही दोघांच्या होत्या.)

बाळ तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी रडू लागले. सहा वाजता सुरू झालेले रडणे नऊ-साडेनऊपर्यंत चाले. पाय पोटाशी घेतलेले, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली अशा रडण्याची एक व्याख्या केली होती: दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक, आठवड्यातून तीनहून अधिक दिवस आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ. साधारण सहाव्या आठवड्यात हे रडणे शिखर गाठते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. हे सगळे आम्हांला नंतर कळले. त्या वेळी आमच्यासमोर एक रडणारे बाळ होते आणि चार मजकूर होते, चारही एकमेकांशी न जुळणारे.

ज्यांचा व्यवसाय पुस्तके वाचण्याचा आणि वाचायला शिकवण्याचा असतो त्यांना अर्थाशिवाय काही राहू देता येत नाही. आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने आखले. आईने काय खाल्ले, किती वाजता, बाळ कधी रडले, शी कशी झाली. शेवटच्या रकान्यात आमच्या शब्दसंपत्तीची कसोटी लागली: मोहरीसारखी पिवळी, हिरवट, फेसाळ, चिकट, तार येणारी. मंगळवारी मेथीची भाजी झाली आणि मंगळवारी रात्री बाळ जास्त रडले, मेथी बंद. शुक्रवारी पिठले, पिठले बंद. न्यायशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा झाडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा नसतो. विद्यार्थ्यांच्या निबंधात हा दोष दिसला तर आम्ही लाल शाईने खूण करतो. स्वतःच्या वहीत आम्ही दीड महिना कावळे हाकलत बसलो.

दीड महिन्याच्या शेवटी आईच्या ताटात भात, मुगाचे वरण, दुधी, पडवळ आणि भाकरी एवढेच उरले. तिचे वजन उतरत होते. भूक लागली की तिला आधी भीती वाटे. वहीत आईच्या झोपेचा रकाना नव्हता, तिच्या रडण्याचाही नव्हता, हे आज ती चाळताना लक्षात येते. बाळाचे रडणे मिनिटांत मोजले आहे. आईचे फक्त एकदा, समासात, पेन्सिलीने: 'हिला आज बरे नाही'.

सातव्या आठवड्यात शीमध्ये चिकट आव आणि रक्ताची बारीक रेघ दिसली. त्या रात्रीची भीती निराळी होती. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो (नाव सांगण्याचे कारण नाही) त्यांनी शीची तपासणी करवून घेतली, तिच्यात साखर आढळली म्हणाले, 'लॅक्टोज सोसत नाही, अंगावरचे बंद करा' असा निकाल दिला आणि सोयाच्या पावडरीचा डबा लिहून दिला. आम्ही डबा आणला. फोडला नाही. तो ओट्यावर चार दिवस होता आणि त्या चार दिवसांत घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी बाळाचे वजन केले, ते नीट वाढत होते. मग आईचे केले, आणि आम्हांला वाटते, त्या क्षणी त्यांना अर्धे प्रकरण कळले. वही त्यांनी उलटसुलट चाळली आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी जे समजावले ते असे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती आईच्या शरीरातच तयार होते आणि आईच्या दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते, म्हणजे गाईच्या दुधापेक्षाही जास्त. आईने दूध प्याले काय किंवा न प्याले काय, तिच्यात फरक पडत नाही. जन्मतःच ती न पचणारी बाळे अत्यंत विरळा. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शीमध्येही थोडी साखर सापडतेच, तेव्हा तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. प्रथिनांची गोष्ट मात्र वेगळी. गाईच्या दुधातले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी दुधात मुळात नसते, पण आईने दूध घेतले की ते अत्यल्प प्रमाणात तिच्या दुधात उतरू शकते. एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढेही सोसत नाही आणि आतले अस्तर सुजून रक्ताची रेघ दिसते. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये हे दोनशेत एखाद्याला होते. रक्ततपासणीत हा प्रकार सापडत नाही. तो सापडतो एकाच मार्गाने: आईने दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचे, आणि सुधारणा दिसली तर (हे त्यांनी दोनदा सांगितले) पुन्हा सुरू करून पाहायचे. बाकी सगळे आजपासून खा. वांगेसुद्धा.

'गाईचे बंद, मग म्हशीचे चालेल का?' हा प्रश्न आम्ही विचारलाच. महाराष्ट्रात तो विचारला जाणारच. नाही, दोन्हींची प्रथिने इतकी सारखी आहेत की शरीर त्यांत भेद करत नाही. शेळीचेही नाही.

मराठी घरातून दूध काढणे म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय समजत नाही. चहा कोरा झाला. वरणभातावरचे तूप गेले. ताक गेले, दही गेले, कढी गेली. बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरे आम्ही एखाद्या शिलालेखासारखी वाचू लागलो: मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिन. (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी दुधासारख्या घटकांचा स्पष्ट उल्लेख आवश्यक केला आहे, साई चौकातल्या सुट्या खारीला अर्थात लेबल नसते.) स्तनदा मातेला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते गोळ्यांतून, तिळातून आणि नाचणीतून भरून काढायचे ठरले; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. नाचणीच्या भाकरीने त्या महिन्यात आम्हांला तारले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण खरा पेच स्वयंपाकघरात नव्हता. बाळाची आजी बाळंतपणासाठी गाव सोडून सव्वा महिना सांगवीत येऊन राहिली होती. रोज सकाळी दुधात शिजवलेली अळिवाची खीर, दुपारी तुपातला डिंकाचा लाडू, रात्री हळदीचे दूध, हे तिने चुकू दिले नाही. आम्ही एकेक भाजी बंद करत होतो तसतशी ती खिरीत दूध वाढवत होती, कारण लेक वाळत चालली होती. डॉक्टर बाईंचे म्हणणे आम्ही तिला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, 'म्हणजे मी विष घातलं का?' आम्ही नाही म्हणालो, लगेच म्हणालो, दोघेही एकदम म्हणालो. पण त्या उत्तराची घाईच तिला खटकली असावी. दोन दिवसांनी ती गावी गेली.

तिच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा विचार तिचा एकटीचा नव्हता, तो दोन हजार वर्षांचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात दुधाचे आठ दोष सांगितले आहेत: चव बिघडणे, फेस, रूक्षता, रंग बदलणे, दुर्गंध, स्निग्धता, चिकटपणा आणि जडपणा. (आमच्या चौथ्या रकान्यातले निम्मे शब्द या यादीत सापडले, फक्त ते दुधाविषयी होते आणि आमचे त्याच्या परिणामाविषयी.) सुश्रुत दूध पाण्यात टाकून तपासायला सांगतो: एकजीव झाले, तरंगले नाही, बुडाले नाही, तर ते शुद्ध. आईच्या आहाराने दूध बिघडते, म्हणून बाळाच्या दुखण्यावर औषध पुष्कळदा आईला द्यावे, अशी ही विचारसरणी. राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटते, असेही सुश्रुत म्हणतो. या शेवटच्या वाक्याने किती बायकांना रात्री जागवले असेल!

आनंदीबाई जोशींचे आम्हांला याच संदर्भात स्मरण झाले. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. प्रबंध लिहिणाऱ्या या बाईंचा स्वतःचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला होता. त्यांचे चरित्र आपण जिद्दीची कथा म्हणून वर्गात शिकवतो. परदेशात बसून त्या प्राचीन ग्रंथांतले बाळंतिणीविषयीचे नियम उतरवून घेत असताना त्यांच्या मनात काय असेल, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारला नव्हता. आता विचारतो. उत्तर आमच्याकडे नाही.

दूध बंद केल्यावर बाराव्या दिवसापासून रेघ दिसली नाही. संध्याकाळचे रडणेही कमी झाले, पण तोवर बाळ तीन महिन्यांचे होत आले होते आणि रडण्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे सांगता येत नव्हते. आता पुन्हा दूध घेऊन पाहायचे होते. आम्ही ते लांबवले. आधी सण होता, मग पाहुणे, मग आमच्यापैकी एकाला सर्दी. खरे कारण असे की घरात शांतता होती आणि ती मोडून ज्ञान मिळवायची हिंमत नव्हती. डॉक्टर बाईंनी फोनवर एवढेच विचारले, 'मग वर्षभर उगाच पथ्य पाळणार का?'

एका रविवारी सकाळी आईने दुधाचा चहा घेतला, दुपारी दही. पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. मेथीच्या न्यायाने आम्ही दुधाला निर्दोष ठरवण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे रेघ दिसली. भीती वाटायला हवी होती. वाटला तो सुटकेचा भाव. बाळ हसत होते. आमच्या वहीतली अकरा नावे त्या पहाटे एकदम सुटली: मेथी, हरभरा, वांगे, शेंगदाणा, बटाटा, कोबी, गवार, पावटा, टोमॅटो, गहू आणि बिचारी तूरडाळ.

मराठीत अ‍ॅलर्जीला शब्द नाही, अशी तक्रार आम्ही पूर्वी केली असेल. पण आपल्याकडे तीन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'बाधणे' यात बाहेरून कोणीतरी काही केल्याचा भाव आहे. अन्न बाधते तसे भूतही बाधते, आणि मग करणाऱ्याचा शोध सुरू होतो. 'सोसणे' यात परीक्षा खाणाऱ्याची असते. 'मानवणे' मात्र दोघांनाही दोष देत नाही. दूध मानवले नाही: दूधही चांगले, बाळही चांगले, पण जमले नाही. आजीला फोनवर आम्ही हे वाक्य सांगितले. आधीही हेच सांगायचे होते, पण त्या दिवशी आमच्या तोंडात 'बाधले' आले होते.

पंधरा दिवसांनी गावाहून एस. टी.ने एक डबा आला. नाचणीचे लाडू, शेंगदाण्याच्या तेलावर भाजलेल्या पिठाचे, गुळाचे. झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिच्या मोठ्या अक्षरात: 'यात दूध तूप काही नाही. कढई नवीन आहे.'

अकराव्या महिन्यात, डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून, बाळाला आधी दूध घालून भाजलेले बिस्किट आणि काही आठवड्यांनी चमचाभर दही दिले. दही आजीनेच विरजले होते. तीन दिवस आम्ही वही उघडून बसलो. चौथा रकाना तिन्ही दिवस 'नेहमीसारखी' असा भरला आहे. पुढची पाने बरेच दिवस कोरी होती. आता त्यांवर दूधवाल्याचा हिशेब असतो.