मुकी चूक

जें हातीं आहे, त्यांतूनच थोडें अधिक काढून घ्यावें, ही मनुष्याची हांव फार जुनी आहे. पूर्वीचा गाडीवान बैलांकडून एक कोस अधिक चालवून घेई. आमचा पुतण्या आपल्या संगणकाच्या प्रोसेसरकडून कारखान्यानें नेमून दिल्याहून अधिक वेग मागतो. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ सालीं निघालेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. परंतु बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला, कीं तोच पुष्कळदां ४५० मेगाहर्ट्झवर सुखानें चाले. दाम स्वस्ताचा आणि काम महागाचें! असा मोह कोणास आवरावा?

हा जादा वेग येतो कोठून? घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास प्रोसेसरमधील ट्रांझिस्टरांनीं आपलें उत्तर तयार ठेवावयाचें असतें. कारखानदार त्यांस थोडी सवड देऊन वेग ठरवितो. आपण ठोके जलद केले, कीं ती सवड खातों. ती संपली, कीं उत्तर पुरें होण्यापूर्वींच उचललें जातें आणि एकाच्या जागीं शून्य पुढें जातें. व्होल्टेज वाढविल्यानें ट्रांझिस्टर चपळ होतात खरे. परंतु उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. व्होल्टेज एकदशांशानें वाढविलें, तर तेवढ्यानेंच उष्णता सुमारें २१ टक्क्यांनीं वाढते.

पुतण्यानें ४.५ गिगाहर्ट्झचें यंत्र ५ वर नेलें. त्याचे खेळ बिनबोभाट चालत. मात्र अभियांत्रिकीच्या प्रबंधाचें मोठें गणित चालू असतां रात्रीं केव्हांतरी पडदा निळा होई. तो म्हणाला, "काका, आठवड्यांतून एकदांच होतं. पुन्हा सुरू केलं, कीं झालं!" आम्हांस चिंता वाटली, ती यंत्र बंद पडलेल्या रात्रीची नव्हे, न बंद पडतां सरलेल्या बाकीच्या सहा रात्रींची.

पंचवीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर आमचें मत असें झालें आहे, कीं प्रश्न कोरा सोडणारा विद्यार्थी परीक्षकास फसवीत नाहीं; सुवाच्य अक्षरांत चुकीचें उत्तर लिहिणारा फसवितो. १९९४ सालीं अमेरिकेंतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असतां पेंटियम प्रोसेसरनें भागाकार चुकविला. यंत्र थांबलें नाहीं, कुरकुरलें नाहीं. तो दोष रचनेचा होता, जादा वेगाचा नव्हे. पण मुक्या चुकीचा स्वभाव तोच. एकेक संशयित कारण वगळीत जाऊनच नाइसली प्रोसेसरपर्यंत पोंचले.

आम्हींही पुतण्यास तोच मार्ग सुचविला. त्यानें वेग, व्होल्टेज व मेमरी हीं तिन्हीं एकदम बदललीं होतीं. मग अपराधी कोण, हें कळावें कसें? सर्व कांहीं मूळ स्थितीस आणलें. प्रथम मेमरी एकटी तपासली. ती निर्दोष निघाली. मग वेग ५ वर नेऊन प्राइम९५ लावलें. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठीं निघालेल्या या प्रोग्रॅमच्या कसोटींत उत्तरें आधींच ठाऊक असतात. म्हणून मुकी चूकही बोलकी होते. तीन तासांनीं त्यानें चूक दाखविली. पडदा निळा झाला नव्हता. व्होल्टेज वाढवून पाहिलें, तों तापमान १०० अंशांस भिडलें आणि प्रोसेसर स्वतःच मंदावला. अखेर ४.८ वर चोवीस तासांची कसोटी निर्वेध पार पडली.

पुतण्याच्या मतें काम येथें संपलें होतें. आमच्या मतें तें येथें सुरू होत होतें. महिन्याभराचीं सारीं गणितें त्याला पुन्हा करावयास लावलीं. तो चार दिवस आमच्याशीं धड बोलला नाहीं. पांचव्या दिवशीं दोन कागद घेऊन आला आणि आमच्यापुढें ठेवून उभा राहिला. एका गणिताचें नवें उत्तर जुन्याशीं जुळत नव्हतें. जुनें त्यानें प्रबंधांत केव्हांच घातलें होतें. आणि दिसावयास तें अगदीं बरोबर दिसत होतें.